वॉल्डनच्या कांठीं

आमच्या घराण्याचा मत्स्याशीं संबंध आला तो दशावतारांपुरता. पहिला अवतार मत्स्याचा, एवढें लहानपणीं पाठ केलें, आणि पुढें त्या प्राण्याची विचारपूस करण्याचें कधीं कारण पडलें नाहीं. तेव्हां वयाच्या सत्तराव्या वर्षीं, अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत, एका तळ्याच्या कांठीं कानटोपी घालून आणि हातांत गांडुळांचा डबा घेऊन आम्ही उभे राहूं, असें भाकित कोणा ज्योतिषानें केलें असतें, तर आम्हीं त्याला आमची पत्रिका पुन्हां तपासावयास सांगितलें असतें.

त्याचें असें झालें. आमचे चिरंजीव बोस्टन शहराच्या पश्चिमेस राहतात. गेल्या वर्षीं मार्चच्या अखेरीस आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों. नातू अकरा वर्षांचा. त्याच्या खोलीच्या एका भिंतीपलीकडे देवघर, आणि अलीकडच्या कोपऱ्यांत मासे धरावयाची काठी! ज्या घरांत अंडेंहि येत नाहीं त्या घरांत हा गळ पाहून सौभाग्यवतींनीं एक शब्दहि उच्चारला नाहीं. ज्यांच्या घरीं असें मौन पाळलें जातें त्यांस त्याचा अर्थ सांगावयास नको. चिरंजीवांनीं मुलास एकच अट घातली होती: धरलेला मासा पुन्हां पाण्यांत सोडावयाचा. “हें तर अधिकच वाईट,” सौ. रात्रीं आम्हांस म्हणाल्या. “कोळी धरतो तो पोटासाठीं धरतो. खायचा नाहीं, तर त्या मुक्या जिवाला टोचायचें तरी कशाला?” या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. म्हणून नातू जेव्हां “आजोबा, तुम्ही चला ना माझ्याबरोबर” असें म्हणाला, तेव्हां वाटेंत त्याची समजूत घालावी या हेतूनेंच आम्ही निघालों.

तें तळें म्हणजे कॉन्कर्ड गांवचें वॉल्डन. गांधीजींनीं ज्याचा कायदेभंगावरील निबंध वाचला, आणि ज्याच्या वाचनांत भगवद्गीता होती, तो हेन्री डेव्हिड थोरो याच कांठीं झोपडी बांधून 4 जुलै 1845 पासून 6 सप्टेंबर 1847 पर्यंत राहिला. आजूबाजूच्या जमिनी 1922 सालीं मालकांनीं राज्याच्या स्वाधीन केल्या, तेव्हांपासून हें स्थळ सर्वांस खुलें आहे. तळें कांहीं मोठें नाहीं. सुमारें 60 एकर पाणी. परंतु खोली 102 फूट! ही खोली थोरोनेंच 1846 सालीं गोठलेल्या पाण्यावर उभें राहून, दोरीला वजन बांधून मोजली. हिमयुगाच्या शेवटीं हिमनदीनें मागें टाकलेला बर्फाचा एक प्रचंड खंड वाळूखडींत गाडला गेला. तो विरघळला आणि त्या खळग्यांत पाणी सांचलें. यास ओढा येऊन मिळत नाहीं कीं यांतून निघत नाहीं. पाणी भूमींतूनच झिरपतें, म्हणून तें आरशासारखें स्वच्छ.

हिवाळ्यांत तळें गोठतें. 1846-47 च्या हिवाळ्यांत येथला बर्फ कापून काढला होता. त्या काळीं या प्रांतांतील तळ्यांचा बर्फ भुशांत बांधून गलबतांतून कलकत्त्यास आणि आपल्या मुंबईसहि जात असे. तळें मोकळें केव्हां होतें याच्याहि नोंदी थोरोनें ठेवल्या: 1845 सालीं 1 एप्रिल, 1847 सालीं 8 एप्रिल, 1852 सालीं तर 18 एप्रिल. आतां बर्फ त्याहून बराच आधीं जातो, असें बोस्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनीं त्या नोंदींशीं ताडून दाखविलें आहे. आम्ही गेलों तेव्हां पाणी मोकळें होतें, पण वारा असा बोचरा कीं समजुतीच्या गोष्टी ओठांतच गोठाव्यात.

उलट नातवानेंच आम्हांस शिकवावयास आरंभ केला. मासेमारी म्हणजे पहाटे उठणें, अशी आमची समजूत. “आत्तां नाहीं, आजोबा. सकाळीं पाणी फार गार असतें. दुपारीं तीनच्या पुढें मजा!” आणि मग त्यानें कारण सांगितलें. पाणी चार अंशांवर सर्वांत जड असतें, म्हणून बर्फाखालीं तळाशींच कायती ऊब राहते आणि मासे तेथें सुस्त पडून असतात. बर्फ गेल्यावर सारें पाणी सारख्या उष्णतेचें होतें, वारा तें ढवळून काढतो आणि तळापर्यंत प्राणवायु पोंचतो. पुढें उथळ पाणी उन्हानें आधीं तापतें. त्यांतहि उत्तरेचा कांठ दक्षिणेकडून येणारें ऊन दिवसभर घेतो. तेथें किडेमकोडे हलूं लागतात आणि त्यांच्या मागें मासे येतात. मासा थंड रक्ताचा. पाणी गार तर त्याची भूकहि मंद. म्हणून आमिष लहान असावें आणि अगदीं सावकाश ओढावें. पदार्थविज्ञानाचा हा धडा आम्हीं शाळेंत पाठ केला होता. त्याचा उपयोग मात्र या वयांत कळला.

तव्यांत मावतील एवढाल्या माशांस तिकडे ‘पॅनफिश’ म्हणतात. पर्च, सनफिश हे त्यांतले. बास हा त्यांहून मोठा आणि झुंजार. थोरोच्या यादींत बास नाहीं; तो मॅसॅच्युसेट्समध्यें माणसांनीं बाहेरून आणून सोडला. पंधरा वर्षांखालील मुलांस परवाना लागत नाहीं. बास बारा इंचांहून लहान असेल तर ठेवतां येत नाहीं. गळाला शिशाचें वजन लावण्यास 2012 पासून बंदी आहे, कारण लून नांवाचे पाणपक्षी तें गिळून मरतात. हें सारें नातवास मुखोद्गत होतें. पंधरा एकें म्हणावयास सांगितलें असतें तर मात्र अडखळला असता!

पहिला मासा लागला तो तळहाताएवढा सनफिश. त्यास हात लावण्यापूर्वीं नातवानें आपले हात पाण्यांत भिजविले. कोरड्या हातानें त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि मग त्यास रोग जडतो, म्हणाला. गळाचा उलटा कांटा पकडीनें आधींच दाबून टाकलेला होता. अंगावर सोनेरी झांक, गालांवर निळ्या वळणदार रेघा, कल्ल्याच्या टोंकाशीं कुंकवासारखा ठिपका! क्षणभर आम्हीं पाहिला. दुसऱ्या क्षणीं तो पाण्यांत दिसेनासा झाला. खरें सांगावयाचें तर आम्हांस आनंद झाला, आणि समजूत घालण्याचें काम आम्हीं परतीच्या वाटेवर ढकललें.

तिसरा मासा पर्च. त्यानें गळ घशापर्यंत गिळला होता. मुलानें ओढून पाहिलें नाहीं. दोरी कापली आणि त्यास पाण्यांत धरून बसला. कल्ल्यांतून रक्त येत होतें. थोड्या वेळानें मासा उताणा झाला. मुलाचा चेहरा पाहवेना. “आजोबा, आतां याचें काय करायचें?” शेजारीं एक वृद्ध गृहस्थ गळ टाकून बसले होते. ते म्हणाले, “मला दे. मेलेला मासा वायां घालवूं नये. मी आज रात्रीं खाईन.” नातवानें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं मान डोलावली. आयुष्यांत प्रथमच आम्हीं एखाद्यास मासा खावयास अनुमति दिली, आणि त्या घडीस तीच गोष्ट आम्हांस त्यांतल्या त्यांत धर्माची वाटली. गांडुळांचा डबा आमच्याच हातांत होता. त्या बिचाऱ्यांचा तर दिवसभरांत कोणीं विचारहि केला नव्हता.

घरीं आल्यावर मुलानें आजीपासून कांहीं लपविलें नाहीं. “मेला का रे?” “हो, आजी.” सौ. थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, “आंघोळ करून ये, मग जेवायला बैस.” त्याहून अधिक कांहीं नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं थोरोचें ‘वॉल्डन’ पुन्हां उघडलें. गळ टाकला कीं स्वतःविषयींचा आदर थोडा उणावतो, अशी कबुली त्यानें दिली आहे. पण आपल्या मुलांस शिकारीस जाऊं द्यावें काय, असें मित्रांनीं विचारलें, तेव्हां त्यानें जाऊं द्या असेंच सांगितलें. मुलगा रानांत प्रथम शिकारी म्हणून शिरतो, आणि त्याच्यांत कांहीं चांगलें बीज असेल तर पुढें बंदूक आणि गळ आपण होऊन टाकतो, असा त्याचा अभिप्राय. शाकाहारी घरांत बंदी घालणें सोपें. पण आम्हीं बंदी घातली असती तर मुलगा आमची आज्ञा शिकला असता. त्या पर्चनें त्याला जें शिकविलें, तें आमच्या आज्ञेंत कोठून यावें? आम्ही गप्प राहिलों.

मेच्या मध्यास पाणी कोमट झालें. एके दिवशीं नातू आजीलाहि तळ्यावर घेऊन गेला. काठी मात्र घरींच. उथळ पाण्यांत वाळू झाडून केलेली परातीएवढी खळगी, आणि तिच्यावर न हलतां उभा असलेला एक बास. “हा बाबा आहे, आजी. अंडीं राखतोय. याला आत्तां गळानें उचलला, तर तेवढ्यांत सनफिश येऊन अंडीं खातात. कायदा धरूं देतो, पण पिल्लें जाईपर्यंत मी नाहीं धरणार.” हें त्यास कोणीं सांगितलें नव्हतें. “आणि आई कुठें गेली?” सौ.नीं विचारलें. “ती अंडीं घालून निघून जाते.” सौ.नीं एकवार माशाकडे आणि एकवार आमच्याकडे पाहिलें. आमच्या घरीं कोण राखण करीत आलें हें त्यांस बोलून दाखवावें लागलें नाहीं.

आतां आम्ही पुण्यास परत आलों आहों. परवां रात्रीं नातवाचा फोन आला: “आजोबा, बर्फ गेला! आज जाऊन आलों.” त्यानें काठी टाकलेली नाहीं, पुढें टाकील न टाकील, तें त्याचें त्यानें पाहावें. आम्हीं प्रकृति विचारावी, अभ्यास विचारावा, तें सोडून आमच्या तोंडून निघून गेलें, “किती लागले रे?” स्वयंपाकघरांतलें भांडें वाजावयाचें थांबलें. मग सौ. पदरास हात पुसत बाहेर आल्या आणि फोन आमच्या हातांतून घेऊन म्हणाल्या, “आधीं सांग, सगळे परत गेले ना?”