मिरगाची चकती

आमच्या गोठ्यात बैलांच्या वेसणींशेजारी खिळ्याला एक दातेरी लोखंडी चकती टांगलेली असते. मिरग लागला की ती गाडीच्या मागच्या चाकाला चढते, दिवाळीनंतर पुन्हा खिळ्यावर येते.

गाडी म्हणजे बाबांनी २००१ मध्ये घेतलेली जुनी स्प्लेंडर. मनातून त्यांना हवी होती ‘बॉबी’. १९७३च्या त्या सिनेमात ऋषी कपूर चालवतो, ती राजदूतची बुटकी गाडी. जिच्यावर बसून दोन्ही पाय भुईला टेकतात तीच खरी गाडी, हे पाच फूट दोन इंचांच्या बाबांचं मत होतं, आणि ते शेवटपर्यंत बदललं नाही.

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या वावरापर्यंत दोन किलोमीटरची पांदण आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात तीच काळी माती पाणी पिऊन फुगते. पहिल्याच पावसात चाक आणि मडगार्डच्या मधे गारा असा ठासला की गाडी जागीच फसली. बाबा पुढून ओढतायत, मी मागून ढकलतोय, आणि शेवटी दोघंही पऱ्हाटीची काडी घेऊन गारा उकरत बसलोय. दोष गाडीचा नव्हता, ती बिचारी डांबरी सडकेसाठी बांधलेली. मिस्त्री म्हणाला, "गाडीले कायले शिव्या देता बाप्पा, तिले वावराची करून घ्या लागते."

मग आम्ही ती वावराची केली. पुढच्या मडगार्डखाली जाड वायसर घालून ते दोन बोटं वर उचललं. चेनवरचं बंद कव्हर काढलं, कारण त्यात गारा भरला की चेन रडायची. मागे चार दाते जास्त असलेली चकती आणि त्या बेतानं लांब चेन टाकली. ९७ सीसीचं इंजिन तेच, पण पहिल्या गिअरमध्ये आता ते बैलासारखं मान खाली घालून ओढू लागलं. सडकेवर मात्र तेवढीच बोंब: इंजिन किंचाळतंय आणि एसटी आरामात पुढे निघून जातेय. चाकाला ओढ दिली की वेग काढून घेतलाच म्हणून समजा. आणि उघड्या चेनमध्ये लुगडं अडकेल म्हणून आई मागे बसायची बंद झाली, ती पुन्हा कव्हर लागेपर्यंत. चकतीचे दोन मोसम तेव्हापासून ठरले. त्यात आईचा वाटा जास्त, हे बाबांनी कधी कबूल केलं नाही.

चुकाही केल्या. गाऱ्यात पकड यावी म्हणून मी एकदा टायरची हवा निम्म्यावर आणली. पकड आली, पण टायर रिमवर सरकला, त्याच्याबरोबर ट्यूबही, आणि व्हॉल्व्ह मुळापासून उपटला. ट्यूबच्या टायरशी असला खेळ नाही करायचा. सायलेन्सर कापून ‘आवाज काढणाऱ्या’ पोरांबद्दल मात्र मला आजही काडीची माया नाही. त्यानं गाडी एक इंचही जास्त चढत नाही.

दोन वर्षांमागं पुण्याचा भाचा एक्सपल्स गाडी घेऊन आला. पुढचं चाक २१ इंची, इंजिनाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा. आमच्या पांदणीतून ती अशी गेली जशी काही सडकच. माझ्या लेकीचे डोळे चमकले. पण ८२३ मिलिमीटर उंचीच्या सीटवर तिच्या पायांचे नुसते अंगठे टेकत होते. शॉकअप खाली घेऊन सीट खाली आणावी, तर ज्या मोकळ्या जागेसाठी गाडी घेतली तीच कमी होते. बाबा असते तर हसले असते.

लेक शिकली स्प्लेंडरवरच. आधी क्लचचा दांडा तिच्या बोटांच्या बेतानं थोडा खाली वळवला, वायर सैल-ताठ करत तिला पकड सापडेपर्यंत तासभर गेला. नवशिक्याची गाडी इथूनच सुरू होते, चकती-बिकती नंतर. चेन इंचभर हलली पाहिजे, हे तिनं बोट लावून स्वतः बघितलं. पहिल्या दिवशी तीनदा पडली, तिन्ही वेळा तुरीत.

आता ती यवतमाळला शिकते, गाडी तीच नेते. परवा गोठ्यात खिळ्यावरची चकती उतरवून तिनं दाते चाचपले, जुन्या पदराच्या फडक्यानं तेल लावलं.

"ही कधी लावायची?"

"मिरग लागू दे."

"मग कालिजात कशी जाऊ?"

"एसटीनं," आतून आई म्हणाली.