आकडा कुठून आला?

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी माझा प्रकल्प आमच्या धारूर तालुक्याच्या पावसावर होता. कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावरचे रोजचे आकडे मी मंडळनिहाय उतरवून घेतले होते. सरांनी सरासरी पाहिली आणि विचारलं, "एवढी कमी? हा आकडा कुठून आला?"

मला सांगता येईना.

तेव्हा मी 'आर' थेट कन्सोलमध्ये वापरायचे. ओळ लिहायची, एंटर मारायचं, उत्तर बघायचं. लॅपटॉप जुना, दोन जीबी रॅमचा. आरस्टुडिओ उघडलं की धारूरचा घाट चढणाऱ्या उसाच्या ट्रकसारखा धापा टाकायचा.

घोळ सापडायला दोन रात्री गेल्या. माझ्या तक्त्यात काही खाने कोरे राहिले होते आणि एका रात्री मीच तिथे शून्य भरून टाकलं होतं. बाहेर पडताना आर विचारतं, वर्कस्पेस जतन करू का? मी दरवेळी 'हो' म्हणायचे. म्हणून ती शून्यं रोज गुपचूप परत यायची. ती भरणारी ओळ मात्र शेकडो चुकलेल्या ओळींच्या ढिगाऱ्यात गाडली गेली होती.

शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. कोरा खाना म्हणजे माहीत नाही. आमच्याकडे हा फरक पुस्तकी नाही. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला, तर अतिवृष्टी धरतात. नोंदच नसेल, तर शेतकऱ्याने काय दाखवायचं?

आई-आप्पा ऊसतोडीला जातात. दोघांचा मिळून एक कोयता. दसऱ्याच्या आसपास उचल घ्यायची, महिनोन्‌महिने फडात राबायचं, मग हिशोब. एका वर्षी मुकादमाने वही मिटली आणि सांगितलं, "एवढे अंगावर राहिले." आप्पांनी विचारलं, "कसे काय?" उत्तर आलं, "हिशोब केलाय ना!" अख्ख्या हंगामाचा एकच आकडा, मधल्या पायऱ्या गायब.

सरांसमोर मीही तशीच वही मिटून उभी होते.

एका सीनियर ताईने वाट दाखवली. टर्मिनलमध्ये 'टीमक्स' सुरू करायचं आणि खिडकीचे दोन भाग करायचे. डावीकडे व्हिम हा एडिटर, उजवीकडे आरचं कन्सोल. व्हिममध्ये 'व्हिम-स्लाइम' हे प्लगइन टाकायचं आणि त्याला सांगायचं, मजकूर टीमक्सच्या अमुक भागात पाठव. मग कंट्रोल दाबून ठेवून दोनदा सी. कर्सर असलेला परिच्छेद पलीकडे जातो आणि चालतो. पहिल्यांदा मी भागाचा नंबर चुकवला आणि सगळा कोड व्हिममध्येच येऊन सांडला!

कल्पना जुनीच आहे. ईमॅक्स वापरणाऱ्यांकडे लिस्पसाठी 'स्लाइम' आणि संख्याशास्त्रासाठी 'ईएसएस' कधीपासून आहे. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर १९९५ मध्येच मुक्त परवान्याखाली खुलं केलं.

वाटतं, फायदा वेगाचा आहे. पण खरी गोष्ट अशी की, कन्सोलमध्ये जाणारी प्रत्येक ओळ आधी फाइलमध्ये लिहिलेली असते. मी दोन नियम केले. कन्सोलमध्ये हाताने काही लिहायचं नाही. आणि वर्कस्पेस जतन करायचं नाही. रोज कोरी पाटी, फाइल वरपासून खालपर्यंत चालवायची, तोच आकडा यायला हवा. शून्यांची ओळ काढली, कोरे खाने कोरेच ठेवले. सरासरी वर सरकली. या वेळी सरांना आकड्यासोबत फाइलही दिली.

सुट्टीत घरी आले तेव्हा आप्पा स्क्रीनकडे बघत म्हणाले, "काय करायलीस?"

"हिशोब. कुठली रक्कम कुठून आली, सगळं ओळीनं लिहिलेलं राहतं."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

या दसऱ्याला उचल घेताना त्यांनी माझ्याकडून शंभर पानी वही मागून घेतली. मुकादमाने सही केली नाही. आप्पांनी तारीख घातली, रक्कम लिहिली आणि खालची ओळ मोकळी सोडली.