अंगण बंद होऊ नये म्हणून

चिपळूणजवळच्या खाडीपट्ट्यात माझं माहेर आहे. घरापुढे जांभ्याच्या चिऱ्यांचं अंगण, एका कडेला विहीर, दुसऱ्या कडेला आंबा. सुट्टीत आणि ईदला मुंबईहून, आखातातून भावंडं आली की दहा-बारा मुलं या अंगणात असतात.

गेल्या काही वर्षांत बकरी ईद ऐन पावसाच्या तोंडावर आली. 2023 साली 29 जून, 2024 साली 17 जून, 2025 साली 7 जून. म्हणजे मुलं जमण्याचे आणि चिऱ्यावर शेवाळ धरण्याचे दिवस एकच. त्यातल्या एका ईदला शेजारचं एक मूल पायरीवरून घसरलं, हनुवटीला चार टाके पडले. लगेच मोठ्यांचा हुकूम निघाला, "अंगणात कुणी जायचं नाही."

हुकूम सगळ्यांना होता. पण संध्याकाळी मुलगे मैदानात क्रिकेट खेळत होते आणि त्यांच्या बहिणी पडवीत मोबाइल घेऊन बसल्या होत्या. मुलग्यांना अंगणाशिवाय गावभर जागा आहे. आपल्या घरांतल्या बऱ्याच मुलींना दहा-अकरा वर्षांनंतर उघड्यावर धावायला उरतं ते एवढं अंगणच. ते धोक्याचं म्हणून बंद झालं की त्यांचं खेळणंच संपतं, आणि त्याची कुणी नोंदही घेत नाही. म्हणून अंगण सुरक्षित करणं हे मला निव्वळ गवंडीकाम वाटत नाही.

धाकट्या भावाचा आखातातून फोन आला. "आपा, चांगल्या चकचकीत टाइल्स लावून टाक. पैसे मी पाठवतो." त्याच्या मायेबद्दल शंका नाही. पण गुळगुळीत टाइल पावसात साबण फासल्यासारखी होते. जांभा खडबडीत असतो, त्यावर पाय ठरतो. घसरतं ते त्यावरच्या शेवाळामुळे, आणि शेवाळ धरतं पाणी साचतं तिथं. आमच्याकडे ते पागोळ्या पडतात त्या पट्ट्यात सर्वांत जास्त असतं.

म्हणून खर्च आधी पाण्यावर केला. छपराला पन्हळ लावली, म्हणजे पागोळ्यांचं पाणी थेट गटारात जातं. खचलेले चिरे उचलून पुन्हा बसवले आणि मीटरला दीड-दोन सेंटिमीटर उतार घराबाहेरच्या दिशेनं ठेवला. गटारावर जाळी टाकली. पायऱ्यांच्या धारदार कडा गवंड्यानं घासून गोल केल्या. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तारेच्या ब्रशनं घासणं चालू आहे. ब्लीचिंग पावडर वापरायची तर मुलं घरात असावीत आणि नंतर भरपूर पाण्यानं धुवावं. तिच्यात ॲसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू सुटतो.

मग विहीर. कठडा होता, पण चार वर्षांचं मूल त्यावर सहज चढेल एवढाच. वर लोखंडी जाळी बसवली आणि कुलूप लावलं. लहान मुलाला बुडायला विहीर लागत नाही, अर्धी बादलीही पुरते. म्हणून कपडे धुऊन झाले की बादल्या, टब पालथे घालायचा नियम केला. पंपाची उघडी वायर पाइपातून घेतली आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला.

कोपऱ्यात उरलेल्या चिऱ्यांची रास कित्येक वर्षं पडून होती. तिच्या सांदीत विंचू राहतात. कोकणातल्या लाल विंचवाचं विष मुलांच्या हृदयावर जातं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आयुष्य या रुग्णांवर खर्च केलं, त्यांचा शोधनिबंध 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे प्राझोसिन या औषधानं असंख्य मुलं वाचली. तरीही दवाखाना गाठेपर्यंतचा वेळ आपल्या हातात नसतो, रास हलवणं मात्र असतं. ती हलवली. भातुकलीत मुलं पानं-फुलं तोंडात घालतात आणि कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी, म्हणून तीही काढली. अम्मीला वाईट वाटलं. तिथं आता जास्वंद आहे.

आंब्याला मात्र हात लावला नाही. झोपाळ्याखालचं काँक्रीट फोडून फूटभर वाळू भरली, पण फांदीवर चढायला बंदी घातली नाही. पडून गुडघा फुटणं आणि विहिरीत जाणं यांत फरक आहे. ज्यातून मूल उठून पुन्हा खेळायला लागतं, तो धोका असू द्यावा. त्यातूनच फांदी कुठे वाकते, ओल्या दगडावर पाऊल कसं टाकायचं, हे पोरींना कळतं.

या सगळ्याला टाइल्सपेक्षा कमी खर्च आला. भावाच्या उरलेल्या पैशांतून पडवीच्या टोकाला एक लांब बाक बांधला. खाला आणि अम्मी असरनंतर तिथं बसतात, तांदूळ निवडतात, आणि अख्खं अंगण त्यांच्या नजरेत राहतं. जाळी, कुलूप, ब्रेकर सगळं हवंच, पण कुणीतरी मोठं माणूस बाहेर बसलेलं असणं याला पर्याय नाही.

तुम्हीही पावसाआधी अंगणाचं काम काढणार असाल, तर गवंड्याला बोलावण्यापूर्वी घरातल्या दहा वर्षांच्या मुलीला विचारा, ती कुठे धावते आणि कुठे पडते. तिला गवंड्यापेक्षा जास्त माहीत असतं. आणि पुढच्या वेळी "आत ये, पडशील" असं तोंडावर आलं, तर आधी अंगणात काय दुरुस्त करायचं राहिलंय ते बघा.