पावती जपणारे गिरगाव

मुंबईत चर्नी रोड स्थानकाच्या पूर्वेला उतरून पाच-दहा मिनिटे चालले की गिरगाव लागते. फणसवाडी, मुगभाट, बोरभाट, झावबावाडी, आंग्रेवाडी... बागा आणि शेते आता नावापुरती उरली आहेत. हमरस्त्यावर काचेचे उंच मनोरे उभे आहेत आणि ऑक्टोबर २०२५ पासून जमिनीखालून मेट्रो धावते. पण गल्लीत वळले की अजूनही लाकडी जिना, कठड्याची लांब गॅलरी, एका ओळीत खोल्या आणि टोकाला सामाईक संडास. दहा बाय बाराच्या खोलीत कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा आणि त्यात तीन पिढ्यांचा संसार!

खाडिलकर रस्त्यावरील केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. तो पाहायला बाहेरगावचे लोक येतात, चाळीतल्या शेजारधर्माचे कौतुक करतात आणि परत जातात. हा शेजार ज्या कागदावर टिकून आहे, तो मात्र त्यांच्या नजरेस पडत नाही. तो घरोघरी कपाटात, रेशनकार्डाच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला असतो. तो कागद म्हणजे भाडेपावती.

या पावतीचे मोल समजण्यासाठी १ सप्टेंबर १९४० ही तारीख ध्यानात ठेवावी लागते. महायुद्धामुळे घरटंचाई झाली, भाडी भडकू लागली. त्यावर उपाय म्हणून १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने त्या दिवशी जे भाडे होते तेच ‘प्रमाणित भाडे’ ठरवले. उपाय तात्पुरता होता, पण कायद्याची मुदत पुनःपुन्हा वाढत गेली आणि भाडे तिथेच गोठले. भाडेकरू गेला तर त्याच्याबरोबर राहणारा मुलगा किंवा सून भाडेकरू होते. थोडक्यात, गिरगावात भाडेकरूपण वारशाने मिळते. मालकाने भाडे घ्यायचे नाकारले तर पूर्वी लोक मनीऑर्डर करीत आणि ती परत आली की नकाराचा शेरा असलेला कागदही पावतीशेजारी जपून ठेवीत. भाडे थकले या एका कारणावरून घर जाऊ शकते, हे इथे लहान पोरालाही ठाऊक असते. शिवाय लघुवाद न्यायालय धोबीतलावला, म्हणजे चालत जाण्याच्या अंतरावर!

मग मालकाला मिळायचे काय? पागडी. खोली एकाकडून दुसऱ्याकडे गेली की जाणारा भाडेकरू बाजारभावाने रक्कम घेतो आणि मालक आपल्या नावाची पावती नव्या माणसाला देण्याबद्दल त्यातला हिस्सा घेतो. रिवाज साधारण एक तृतीयांशाचा. १९४७ च्या कायद्याला हे मान्य नव्हते, म्हणून सारा व्यवहार रोखीत आणि दबक्या आवाजात चाले. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तेव्हा कुठे पागडी उजळ माथ्याने घेता येऊ लागली. लाखो रुपये मोजून भाडेकरूच राहायचे, हा प्रकार दुसऱ्या शहरातल्या माणसाला समजावून सांगणे कठीण जाते.

मालकाची बाजूही ऐकून घेण्यासारखी आहे. चाळीस खोल्यांची चाळ, खोलीमागे शंभर रुपये भाडे धरले, तर महिन्याला चार हजार होतात. त्यात एक तुळई बदलणेही अवघड. गोठलेले भाडे आता अन्यायाचे झाले आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर १९९७ मध्ये म्हटले. नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. पण मूळ आकडाच एवढा लहान की चार टक्क्यांनी चहाचा खर्चही निघू नये. खरा फरक पडला तो बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्यांना. त्यांचे संरक्षण काढून घेतले गेले. कुटुंबांना हात लावण्याचे धाडस कोणत्याच सरकारला झाले नाही, आणि ते योग्यच झाले असे म्हणावे लागेल. मात्र चाळ कोणी दुरुस्त करायची, हा प्रश्न तसाच राहिला. मालक म्हणतो परवडत नाही. भाडेकरू म्हणतो इमारत माझी नाही.

याच गल्लीत, नव्या इमारतींत, दुसऱ्या जातीचा भाडेकरू राहतो: अकरा महिन्यांचा. १९७३ मध्ये सरकारने त्या वर्षी १ फेब्रुवारीला ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला, तेव्हापासून मुंबईच्या घरमालकांनी धसका घेतला. रिकामा ब्लॉक कुलूप लावून ठेवीन, पण कुटुंबाला देणार नाही, अशी वृत्ती झाली. आता ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार नोंदवावा लागतो, तो नोंदवण्याची जबाबदारी मालकावर असते आणि मुदत संपल्यावर घर परत मिळण्याची सोय कायद्यात आहे. तरीही अनामत रक्कम, दलालाची एक महिन्याच्या भाड्याएवढी दलाली, एकटा की कुटुंबवाला, ताटात काय असते, अशा चौकशा झाल्याशिवाय किल्ली हातात पडत नाही. दर अकरा महिन्यांनी भाडे वाढते, नाही तर सामान हलते. एकाला कोणी हलवू शकत नाही, दुसऱ्याला कुठे स्थिरावता येत नाही. आणि दोघे पाणी भरतात एकाच वेळी.

दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधली जुनी दुकाने १९५८ च्या कायद्याखाली अशीच नाममात्र भाड्यात चालत आली आहेत. पण तिथे निदान डोक्यावर छप्पर पडण्याची भीती रोजची नाही.

गिरगावात ती आहे. १९६९ मध्ये शहर भागातल्या १९,६४२ जुन्या इमारती दुरुस्ती मंडळाच्या उपकराखाली आल्या. त्यातल्या १६,५०२ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी दरवर्षी निघते. जिन्याखाली लाकडी टेकू लागतात, घर रिकामे करण्याची नोटीस दाराला चिकटते. लोक निघत नाहीत, कारण संक्रमण शिबिर दूरच्या उपनगरात असते आणि तिथे गेलेली काही कुटुंबे दशके उलटली तरी परतलेली नाहीत. बिल्डर आला तर निम्म्याहून अधिक भाडेकरूंची संमती लागते. तेव्हा चाळीच्या सभेत पहिला प्रश्न चौरस फुटांचा निघत नाही. पात्र भाडेकरूंच्या यादीत नाव कोणाचे लागणार, वडिलांचे, भावाचे की काकांचे, यावरून वाद पेटतो आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या कपाटाबाहेर येतात.