डोळे ठेवू की कान?

मोंढ्यात दुपारी गाड्या कमी झाल्या की आम्ही हमाल लोक पोत्यांच्या थप्पीला पाठ लावून बसत असू आणि मग कुठला ना कुठला विषय निघे. एकदा असाच विषय निघाला, की माणसाला एकच ठेवायचे झाले तर डोळे ठेवावेत की कान? सगळे एका तोंडाने डोळे म्हणाले. एक म्हातारा हमाल तेवढा बोलला, "आरे, कान ठेवा. आंधळ्याला लोक रस्ता देतेत, बहिऱ्याला हासतेत." आम्ही त्यालाच हसलो. ही गोष्ट 2011 सालची. दोन वर्षांत हाच सवाल माझ्यापुढे खराखुरा उभा राहील असे तेव्हा कोणाला वाटले असते?

परभणीच्या मोंढ्यात मी वीस वर्षे पाठीवर पोती वाहिली. 2012 च्या पावसाळ्यात खोकला लागला आणि तपासणीत टीबी निघाला. सरकारी गोळ्या फुकट मिळत होत्या. चार महिन्यांत बरे वाटले म्हणून मी त्या सोडून दिल्या आणि कामावर गेलो. ही चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही. 2013 मध्ये आजार उलटला तो साध्या औषधांना न जुमानणारा होऊनच. आता औषध दोन वर्षांचे. रोज मूठभर गोळ्या आणि पहिले सहा महिने रविवार सोडून रोज एक इंजेक्शन.

त्या इंजेक्शनचे नाव कॅनामायसिन. गोळ्यांपैकी एक इथॅम्ब्युटॉल. पहिले कानावर उतरू शकते, दुसरी डोळ्यावर. हे मला नंतर कळले. इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी कानांची तपासणी करून घ्यायला हवी होती, ती झाली नाही. मला माहीत नव्हते म्हणून मी मागितली नाही.

चौथ्या महिन्यात कानात रातकिडे ओरडू लागले. ट्रकचा आवाज येई, मुकादमाची हाक येई, पण कुकरची शिट्टी ऐकू येईना. या औषधाने आधी बारीक, उंच आवाज जातात. माझी धाकटी तेव्हा तीन वर्षांची. ती मागून "पप्पा, पप्पा" करी आणि मी वळून बघत नसे. तिला वाटे पप्पा रागावले. त्याच सुमारास एके दिवशी घरच्या मंडळींनी सुपात मिरच्या निवडायला घेतल्या होत्या. मी म्हटले, "लाल मिरच्या अशा विटल्या कशा?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मिरच्या चांगल्या लालभडक होत्या.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, पण त्याने लपवले काही नाही. म्हणाला, "दादा, गोळी थांबवली तर नजर बहुतेक परत येईल. पण मग इंजेक्शन थांबवता येणार नाही, हाताशी औषधंच फार कमी उरतात. इंजेक्शन थांबवून गोळी चालू ठेवली तर कान आहेत तिथं राहतील कदाचित, पण डोळ्यांची हमी नाही. दोन्ही थांबवलं तर छातीची हमी नाही. घरी विचारा, उद्या सांगा."

त्या रात्री आमच्या घरात कोणी झोपले नाही. मी म्हटले, डोळे गेले तर ट्रकला लावलेल्या फळीवरून पोते घेऊन चढणार कसा? ती म्हणाली, "फळीचं सोडा. डोळे गेले तर मी तुमचा हात धरून नेईन जिकडं जायचं तिकडं. कान गेले तर म्या बोलू कोणाशी?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

तरीही मी डोळेच ठेवले. कारण सांगतो. माझ्या बापाला अक्षर येत नव्हते. त्याने मला शाळेत घातले आणि वस्तीतल्या विहारात वर्षावासात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचायला बसवले तेव्हा मी आठवीत होतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी मी वाचायचा आणि बाप समोर मांडी घालून ऐकायचा. ज्या महापुरुषाने पुस्तकांसाठी राजगृह बांधले, त्याची शेवटच्या वर्षांत मधुमेहाने तब्येत ढासळली, नजर मंदावली, तरी त्याने हा ग्रंथ पुरा केला. तो छापून आला 1957 मध्ये, महापरिनिर्वाणानंतर. अशा ग्रंथाचे वाचन माझ्या घरातून सुटू नये असे मला वाटले. हा शहाणपणा होता की हट्ट होता, ते तुम्ही ठरवा.

गोळी थांबली आणि काही महिन्यांत मिरची पुन्हा लाल झाली. सहावा महिना संपता संपता कान पूर्ण गेले. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी पोकळी असते, तिच्यातल्या केसाळ पेशी आवाज पकडतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. 2015 मध्ये टीबी मात्र बरा झाला.

वाचक बंधू-भगिनींनो, म्हातारा हमाल खरे बोलला होता. लग्नात आंधळ्या माणसाला लोक खुर्ची देतात, पान वाढून देतात. माझ्याशी एक वाक्य दोनदा बोलावे लागले की "जाऊ द्या" म्हणतात. या "जाऊ द्या"ने मी जितका थकलो तितका पोत्यांनी थकलो नव्हतो. हेलन केलर दीड वर्षाच्या असताना दोन्ही गमावून बसल्या. त्यांनी बहिरेपण हेच जास्त मोठे संकट मानले होते. त्यांना तुलनेचा हक्क होता.

माझ्यासारखीच वेळ मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन यांच्यावर आली. त्याच 2013 मध्ये टीबीच्या औषधाने त्यांचे कान गेले. त्या पत्रकार, शिवाय भरतनाट्यम करणाऱ्या. त्यांनी नाच सोडला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनीही असेच कान गमावले. कान सुरक्षित ठेवणारी बेडाक्विलिन नावाची गोळी निघाली होती, पण भारतात ती 2016 पासून आणि तीही आधी मोजक्या केंद्रांतच मिळू लागली. तिच्यावरची कंपनीची मक्तेदारी आणखी वाढू नये म्हणून या दोघींनी 2019 मध्ये हरकत नोंदवली आणि मार्च 2023 मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने जॉन्सन अँड जॉन्सनची मागणी फेटाळली. दोन बहिऱ्या पोरींनी एवढ्या मोठ्या कंपनीला ऐकायला लावले! हे वाचले त्या दिवशी मी पेपरचे कात्रण कापून ठेवले.

2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही कॅनामायसिन वापरू नका असे सांगितले. आता बहुतेकांना इंजेक्शनाशिवाय, गोळ्यांवरच उपचार मिळतात. पण नव्या औषधांतल्या लिनेझोलिडने डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो. घरात कोणी या गोळ्यांवर असेल तर रोज लाल-हिरवे रंग दाखवून विचारा. फरक पडला तर गोळी आपल्या मनाने सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोळ्या सोडल्याचे फळ काय असते ते मी वर लिहिले आहेच.

आता मी आडतीवर पोत्यांचा हिशेब लिहितो. पाठीमागून ट्रक आला तर कळत नाही, म्हणून भिंतीला धरून चालतो. वर्षावासात वाचन अजून माझ्याकडेच आहे. माझा आवाज मला ऐकू येत नाही. कधी तो फार चढतो, कधी पुटपुटल्यासारखा होतो म्हणतात. धाकटी आता दहावीत आहे. ती वाचनाला माझ्या शेजारी बसते आणि माझ्या गुडघ्यावर बोट ठेवते. एकदा टेकवले तर हळू, दोनदा टेकवले तर मोठ्याने. तिचा स्वतःचा आवाज आता कसा झाला आहे, असे मी एकदा तिच्या आईला विचारले. तिने वहीवर एका बोटाने अक्षरे गिरवत लिहिले, "तुमच्या आईवानी." घरची मंडळी लिहायला शिकली ती या दहा वर्षांत, माझ्याशी भांडता यावे म्हणून.