मेंदूंतील गुठळी आणि आप्तांचा आग्रह

बाळंतिणीचें डोकें दुखूं लागलें कीं, तें जागरणाचें ठरवून स्वस्थ बसण्याचा प्रघात आपल्या घरांत जुना आहे. पुष्कळदां तें खरेंहि असतें. परंतु दुखणें दिवसेंदिवस वाढत जाऊन ओकाऱ्या, अंधुक दृष्टि किंवा आंकडी यांची त्यांत भर पडली, तर घटकेचाहि विलंब करूं नये. प्रसूतीनंतर रक्त गोठण्याची प्रवृत्ति निसर्गतःच वाढलेली असते. शरीरांत पाणी कमी पडल्यास तींत आणखी भर पडते.

मेंदूंतील रक्त त्याच्या जाड वेष्टणांतील रुंद मार्गांनीं मानेकडे उतरतें. मोरी तुंबल्यावर न्हाणींत पाणी सांचावें, तसें हे मार्ग गुठळीनें तुंबले कीं रक्त मागें सांचतें, दाब वाढतो, व कधीं रक्तस्रावहि होतो. आश्चर्य हें कीं, रक्तस्राव झालेला असतांहि मुख्य उपाय रक्त गोठूं न देणाऱ्या औषधाचाच! १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगांत हेपरिन दिलेल्या १० रोग्यांपैकीं ८ पूर्ण बरे झाले व दोघांस किंचित् व्यंग राहिलें. तें न दिलेल्या १० पैकीं ३ दगावले.

आतां जांघेंतील शिरेंतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी शोषून किंवा मोडून काढतां येते. आमच्या एका आप्तांच्या सुनेस चौदाव्या दिवशीं हा विकार जडला, तेव्हां तिच्या सासऱ्यांनीं हात जोडून म्हटलें, “डॉक्टर, खर्चाकडे पाहूं नका, ती गुठळी काढाच.” डॉक्टर म्हणाले, “काका, ती शुद्धीवर आहे, औषध चालू आहे. प्रकृति ढासळूं लागली, तर नळीची गोष्ट मीच काढीन.” मंडळी रुष्ट झाली. हातीं साधन असून वैद्यानें थांबावें, हें कोणास रुचेल?

परंतु त्या थांबण्यास आधार होता. नेदरलंड्स, चीन व पोर्तुगाल येथील ६७ अत्यवस्थ रोग्यांवरील प्रयोग २०२० सालीं प्रसिद्ध झाला. औषधाबरोबर नळीचा उपचार ज्यांच्या वांट्यास आला, त्या ३३ पैकीं २२ जण वर्षाअखेर चांगले बरे होते. केवळ औषधावर ठेवलेल्या ३४ पैकीं २३. लाभ दिसण्याची आशा न उरल्यानें तो प्रयोग मध्येंच थांबविण्यांत आला. नळी व्यर्थ आहे, असा याचा अर्थ नव्हे. प्रयोग लहान होता. आणि औषध चालू असूनहि जो रोगी ढासळत जातो, त्याच्यासाठीं निवडक प्रसंगीं डॉक्टर आजहि ती योजतात.

ती सून औषधावरच उठली. पण एका दृष्टांतानें सिद्धांत ठरत नाहीं. नळीनें वांचलेला रोगीहि कोणी दाखवील. म्हणून आप्तांनीं आग्रह धरण्याऐवजीं तीन प्रश्न विचारावेत: शिरांचें स्वतंत्र चित्र काढलें काय? औषध सुरू झालें काय? कोणतें लक्षण बिघडल्यास पुढचा उपाय करावयाचा? यांचीं उत्तरें मिळाल्यावर धीर धरणें ही हयगय नव्हे. रोग्याची ती सेवाच होय.