एका फायलीपुरते राज्य



२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला आणि मंडळाच्या कपाटातला लॅपटॉप एका रात्रीत म्हातारा ठरला. नवा घ्यायचा तर वर्गणी वाढवावी लागणार, आणि वर्गणीचे नाव काढले की वार्षिक सभेत काय होते ते आपण सारे जाणतोच. तेव्हा आम्ही त्यावर लिनक्स चढवून दिले. फुकट मिळते, जुन्या यंत्रावर चालते आणि मराठीही नीट उमटते. हाच लॅपटॉप रविवारी सकाळी मराठी शाळेत असतो. एरवी त्यावर हे वार्तापत्र जुळवले जाते आणि सभासदांची यादी राहते. यादीत पत्ते आहेत, देणग्यांचे आकडे आहेत, आणि आपला फोन नंबर छापू नये असे ज्यांनी कळवले आहे त्यांचेही नंबर आहेत. हे शेवटचे वाक्य कृपया ध्यानात ठेवावे.

झाले असे की शाळेच्या ताईंनी मागणी केली, वर्गाच्या वेळात खेळांची संकेतस्थळे बंद करा. लिनक्समध्ये याला सोपी युक्ती आहे. 'ईटीसी' नावाच्या डिरेक्टरीत 'होस्ट्स' ही एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात ०.०.०.० असा पत्ता लिहून पुढे संकेतस्थळाचे नाव घातले की ब्राउझरला तिथली वाटच सापडत नाही. पण ही फाइल वाचायला सर्वांना मोकळी, लिहायला मात्र फक्त 'रूट'ला. रूट म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी. त्याला कुठलीच फाइल बंद नाही.

वर्गातल्या एका चिरंजीवांनी आम्हाला विचारले, "काका, तिला कुलूप कशाला?" आम्ही म्हटले, "तुझ्यासाठीच, बाळा." त्याला पटले नाही, पण कारण खरे होते.

आम्ही पेशाने रसायनशास्त्रज्ञ. प्रयोगशाळेत विषारी द्रव्यांचे कपाट असते. ज्याला सायनाइडची बाटली हवी त्याने चावी घ्यावी, वहीत नाव, वेळ आणि बाटली लिहावी, काम झाले की चावी परत. दिवसभर चावी खिशात घालून हिंडणारा माणूस कितीही हुशार असला तरी त्याच्या शेजारी उभे राहून काम करायला कोणी तयार होत नाही. संगणकावर मात्र भली भली शहाणी माणसे नेमके हेच करतात. एक ओळ बदलायची म्हणून अख्खा संपादक रूटच्या नावाने सुरू करतात, मग त्याच खिडकीत चार इतर फायली उघडतात, आणि कुठल्या फायलीला आपण कोणत्या अधिकाराने हात लावतो आहोत हे त्यांना उमगतही नाही. दुसरा प्रकार याहून वाईट. फायलीचे कुलूपच काढून ती सगळ्यांना लिहायला मोकळी करायची. मग चिरंजीवांना विचारायचीही गरज नाही.

चावी देणारा कारकून म्हणजे 'सुडू'. (नावाचा सूड घेण्याशी संबंध नाही.) पाहुण्यांना नायगारा दाखवायला आपण ज्या बफेलोवरून जातो, तिथल्याच विद्यापीठात १९८० च्या सुमारास बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी तो लिहिला. त्याची खुबी अशी की तो रूटचा पासवर्ड विचारत नाही, तुमचा स्वतःचा विचारतो, आणि कोणी, केव्हा, काय केले ते वहीत टिपून ठेवतो. पूर्वी आपल्याकडे मुख्य पासवर्ड एका चिठ्ठीवर असे, चिठ्ठी पाकिटात आणि पाकीट खजिनदारकाकांच्या घरी. कार्यकारिण्या बदलत गेल्या तसा तो किती जणांना पाठ झाला कोण जाणे. आता ते पाकीटच नको. पद सोडणाऱ्याचे नाव यादीतून काढले की झाले.

आता संपादकाकडे येऊ. व्हिम वापरणाऱ्यांना एक दुःख ठाऊक असेल. तो फाइल उघडू देतो, एक पुसटशी ताकीद देऊन लिहूही देतो, आणि चाळीस ओळी झाल्यावर जतन करायच्या वेळी नाही म्हणतो. त्यावर जुना तोडगा असा की संपादकातला मजकूर सुडूमार्फत 'टी' नावाच्या छोट्या आज्ञेकडे ओतायचा. ती तो फायलीत लिहिते. ही 'टी' म्हणजे नळकाम करणाऱ्यांचा टी. आमच्याकडे वायूच्या नळीला दोन वाटा काढायला तोच लावतात, म्हणून आम्हाला ही आज्ञा माहेरची वाटते.

आम्ही स्वतः ईमॅक्सवाले. त्यात 'ट्रँप' नावाची सोय २००७ पासून अंगभूतच आहे. फाइल उघडताना मार्गाच्या आधी '/सुडू::' जोडायचे, म्हणजे '/सुडू::/ईटीसी/होस्ट्स' (टंकताना अर्थातच रोमन अक्षरांत). पासवर्ड विचारला जातो, आणि तेवढी एकच फाइल रूटच्या हाताने उघडते. संपादक आपल्याच नावाने चालू राहतो. यावर आम्ही ईमॅक्सच्या आरंभफायलीत थोड्या लिस्पच्या ओळी घातल्या आहेत. बंद फाइल समोर असताना कंट्रोल-सी आणि मग एस दाबले की तीच फाइल '/सुडू::' लावून पुन्हा उघडते. आणि अशा प्रत्येक फायलीच्या माथ्यावर एक लालभडक पट्टी येते, 'रूट'. आमच्या मते सगळ्यात कामाची ही पट्टीच. अधिकार हातात आहे हे दिसले पाहिजे. दिसले की माणूस फाइल बंद करायची घाई करतो. आणखी एक सांगायचे तर ईमॅक्स जुन्या प्रती जपून ठेवतो. त्या सगळ्या आपल्या घरच्या डिरेक्टरीत जाव्यात अशी व्यवस्था केली असेल, तर कुलपातल्या फायलीची प्रतही घरी येऊन पडू शकते. गुप्त फायलींसाठी ती सोय बंद ठेवावी.

पण खरा पेच आमच्या सोयीचा नव्हताच. खेळांची नावे दर रविवारी बदलतात. त्यासाठी आम्हाला का उठवायचे? ताईंनाच ती फाइल बदलता यायला हवी. सोपा मार्ग दिसतो तो असा, की सुडूला सांगावे, ताईंना होस्ट्स फायलीपुरता व्हिम रूटच्या नावाने चालवू दे. इथे फसगत आहे. व्हिममधून एका आज्ञेत बाहेरचे शेल उघडता येते, आणि रूटच्या व्हिममधून उघडलेले शेल रूटचेच असते. एका बाटलीची परवानगी दिली आणि अख्खे कपाट उघडले. ताई तसे करणार नाहीत हो! पण ताई पाणी प्यायला उठल्या आणि खुर्चीत ते चिरंजीव बसले तर? सभासदांची यादी त्याच यंत्रावर आहे. ज्या काकूंनी विश्वासाने सांगितले, नंबर छापू नका, त्यांना आम्ही काय तोंड दाखवणार?

यावरचा उपाय सुडूबरोबरच येतो, तो 'सुडूएडिट'. हा फायलीची एक तात्पुरती प्रत काढतो, ताईंचा नेहमीचा संपादक ताईंच्याच नावाने त्या प्रतीवर उघडतो, आणि संपादक बंद झाल्यावर बदललेली प्रत मूळ जागी ठेवतो. संपादकातून शेल उघडले तरी ते ताईंचे, म्हणजे बिनअधिकाराचे. वहीत फायलीचे नावही येते. आमच्या ट्रँपच्या नोंदीत नुसते शेल उघडल्याचे दिसते, कुठली फाइल ते नाही. त्या बाबतीत ताईंची वही आमच्यापेक्षा चोख आहे.

ही परवानगी ज्या फायलीत लिहायची ती 'सुडूअर्स'. ती मात्र कुठल्याही संपादकात थेट उघडू नये. 'व्हिसुडू' या आज्ञेनेच उघडावी. जतन करण्याआधी तो व्याकरण तपासतो. सुडूच्या २०२० पूर्वीच्या आवृत्त्यांत तिथे एक स्वल्पविराम भलतीकडे पडला तर सुडू कोणालाच चावी देत नसे, दुरुस्त करायला जाणाऱ्यालाही नाही.

सध्या शाळेच्या दोन ताईंना होस्ट्स फाइल आणि आमच्या जोडीच्या स्वयंसेवकाला छपाईयंत्राची एक फाइल, एवढीच वाटणी केली आहे. कार्यकारिणीने ती पुढच्या बैठकीत पाहून घ्यावी. लाल पट्टीच्या ओळी ज्यांना हव्या असतील त्यांनी रविवारी शाळा सुटल्यावर चहाच्या टेबलाशी भेटावे. झेरॉक्स काढून आणू. लाल रंग तेवढा झेरॉक्समध्ये येणार नाही.